आप्पांच्या खोगिराची कुरकुर

माझ्या गोष्टी लोक मुकाट्याने ऐकतात, याचं श्रेय माझ्या वाणीला नाही. मी दातांची डॉक्टर आहे. समोरचा माणूस आडवा, त्याचं तोंड उघडं, तोंडात माझी दोन बोटं आणि एक आरसा. असा श्रोता मध्ये बोलून बोलून काय बोलणार? निम्म्या कुंभकोणमने आमच्या घराण्याचा इतिहास असा आ वासून ऐकलेला आहे. त्यात खोगिराची गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा झाली, कारण अक्कलदाढ काढायला वेळ लागतो.

फक्त तिचा शेवट गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही ठाऊक नव्हता. तो खुर्चीत झोपलेल्या माणसाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी खोगीर ओळखून घ्या. आमचा कोणी एक पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी घोड्यावर बसून आला, असं घरात सांगत. राज्य गेलं, पूर्वज गेला, घोडा तर त्याच्याही आधी गेला असणार. उरलं ते खोगीर. आता या खोगिराच्या बाजूचा रुंद पदर उचलला की खाली कानपूरच्या कुठल्या कारखान्याचा शिक्का दिसतो, तोही इंग्रजी अक्षरांत. आम्हा भावंडांना तो लहानपणीच सापडला आणि आम्ही धावत जाऊन आप्पांना दाखवला. आप्पा जराही गडबडले नाहीत. पूर्वज दूरदृष्टीचा माणूस होता, एवढंच म्हणाले. देशात आगगाडी सुरू व्हायच्या आधी कानपूरहून सामान मागवायचं म्हणजे दृष्टी बरीच लांबची हवी. खरं असं की आजोबांनी ते मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या मळेवाल्याच्या सामानातून आणलं होतं. त्याचा घोडा का आणला नाही, हे आजीने त्यांना जन्मभर विचारलं.

आप्पा आडुतुरैला भाताच्या रोपांवर नजर ठेवायची सरकारी नोकरी करत. संध्याकाळच्या गाडीने परत येत, पाय धूत, पहिली कॉफी उभ्यानेच घेत, धोतरासारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडत आणि घोड्यावर चढत. घोडा म्हणजे सुताराकडून करवून घेतलेली चार पायांची लाकडी घोडी, मधल्या दालनात, अंगणातला उजेड येतो तिथे. तिच्यावर खोगीर, खोगिरावर आप्पा, आप्पांच्या हातात तमिळ वर्तमानपत्र. रिकिबीत अनवाणी पाय. रस्त्यावरून जाणाऱ्याला उघड्या दारातून हे सगळं सरळ दिसायचं. म्हणून आमच्या घराला गल्लीत 'कुदिरै वीडु' म्हणत, म्हणजे घोड्याचं घर. घोडा नसलेलं घोड्याचं घर गावात एकच, याचा आम्हाला मोठा अभिमान होता.

आणि ते खोगीर बोलायचं. आप्पांनी जरा कूस बदलली की बाजूचा पदर खालच्या पदरावर घासे आणि कर्र असा आवाज येई. पुढे झुकले की कर्र, मागे रेलले की कुर्र. आमची आई स्वयंपाकघरात, पाठ दालनाकडे. ती नुसत्या कानाने नवरा वाचायची. भरभर कर्रकर्र आली की म्हणायची, राजकारणाच्या पानावर आहेत. लांबलचक कुर्र आली की पावसाची बातमी, म्हणजे कावेरीला पाणी सोडणार की नाही त्याची. एकदम शांत झालं की कोणी ओळखीचं गेलं असणार. आणि शांतता लांबली, पान उलटल्याचाही आवाज येईना, की आई दूध चुलीवर ठेवायची. आप्पांनी आयुष्यात दुसरी कॉफी तोंडाने मागितली नाही. ते गप्प होत, आणि कॉफी येई. मला वाटायचं, सगळ्याच घरांत नवरे असेच चालतात.

आता आमच्या घरचा खास प्रकार सांगते. दिवाळीच्या पहाटे इथे सगळ्यांना तेलाची आंघोळ असते. आई तिळाच्या तेलात मिरी आणि विड्याचं पान टाकून ते कोमट करायची, आणि आम्हा पोरांना पाटावर बसवून आप्पा टाळूवर तेल थापायचे. आमचं झालं की पाटावर खोगीर यायचं. आप्पांचं म्हणणं असं, की घोडा आज हजर नाही, पण त्याचं वस्त्र घरातलं आहे, आणि घरातल्या कोणाला दिवाळीला तेलावाचून ठेवू नये. मग आईने खोगिराला तेल चोळायचं, अगदी रिकिबींच्या पट्ट्यांपर्यंत. त्यावर शिकेकाई, त्यावर कढत पाणी, तेही तांब्याने, भरपूर. शेवटी आप्पा त्याला गच्चीवर कडक उन्हात ठेवून येत. शेजारची मामी कठड्यावरून विचारायची, घोड्याचं गंगास्नान झालं का? आप्पा हात जोडून म्हणायचे, झालं, तुमच्या आशीर्वादाने.

दिवाळीच्या संध्याकाळी खोगीर सगळ्यांत मोठ्याने बोलायचं. आई खूश व्हायची. बघा, म्हणायची, आंघोळीने कसा कंठ मोकळा झाला.

आप्पा जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. त्यांच्यामागे मी खोगीर आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. आईची नजर त्याआधीच अधू झाली होती. आता तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. कान मात्र असे, की माझ्या दवाखान्यातून येणाऱ्या आवाजावरून ती कोणाची दाढ किडली आहे ते सांगते. आडुतुरैची गाडी यायच्या वेळेला ती दालनात खुर्चीवर येऊन बसायला लागली. जपमाळ हातात, पण माळ फिरायची नाही. डोकं किंचित कलतं, उजवा कान रिकाम्या घोडीच्या कोपऱ्याकडे. आधी मला वाटलं डुलकी लागते. मग एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, "गे, तें खोगीर कोठें आहे? मज एकदां ऐकूं दे."

आमचं घरातलं मराठी असं आहे. पुण्याची माझी वहिनी म्हणते, तुमच्याशी बोलताना एखाद्या बखरीशी बोलल्यासारखं वाटतं. असो.

मी लगेच काढते म्हटलं. पाऊस संपला होता, गोविंदपुरम्‌ला विठोबाकडे भजनाला जाऊन आलो होतो, मन प्रसन्न होतं. माळ्यावरून गाठोडं उतरवलं, प्लास्टिक सोडलं, आणि मोरंबा नासल्यावर बरणीतून जे वर येतं ते वर आलं. आमचं कानपुरी घराणं पांढऱ्या-हिरव्या बुरशीने लव आल्यासारखं झालं होतं. तिच्याखाली काळा चिकट थर, आणि थराखाली चामडं असं ताठ, की पट्टा वाकवायला गेले तर कडेने चिरला. आई खुर्चीतून म्हणाली, बैस ना. मी म्हटलं, आई, हे आजारी आहे. आधी उपचार.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती पुण्याजवळ घोड्यावर बसायला शिकवते, खऱ्या घोड्यांवर. माझ्या माहेरात घोड्यांबद्दल बोलण्याचा अधिकार असलेली ती एकमेव व्यक्ती आहे, म्हणून आम्ही तिला कधीच विचारलं नव्हतं. मी फोन लावून कॅमेरा खोगिरावर धरला.  तिने विचारलं की हे कोणत्या नदीतून काढलं. मी दिवाळीच्या आंघोळीचं सगळं सांगितलं, मिरी-विड्याच्या पानासकट. वहिनी हसून हसून खुर्चीवरून सरकली, आणि मग अचानक गंभीर झाली. तिळाचं तेल चामड्यात मुरून चिकट होतं, म्हणाली, आणि बुरशीला तेच हवं असतं. शिकेकाई आणि कढत पाणी चामड्याचा स्वतःचा स्निग्धपणा ओढून घेतात. आणि उरलंसुरलं ऊन संपवतं. "वन्सं, एवढ्या प्रेमाने तर कोणी शत्रूलाही मारत नाही," असं तिचं निदान.

तिने पार्सल पाठवलं. चामड्याचा साबण, स्पंज आणि मलमाची डबी. त्याआधी फोनवर एक पेच झाला होता. चामड्याला एक चांगलं तेल असतं, पण ते गाईच्या पायांच्या हाडांचं. मी म्हटलं, आमच्याकडे एकादशी असते. वहिनी म्हणाली, आणि खोगीर काय तांदळाच्या पिठाचं आहे? हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी काढलेला नव्हता, तो मीही काढला नाही. शेवटी मधमाशीच्या मेणाचं मलम ठरलं. तुमच्या विठोबाला चालेल असं, म्हणाली.

मग कामाला लागले. आणि काय सांगू, हे काम माझंच होतं, मला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही! आधी सगळं सुटं करायचं: घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंग काढायचा, रिकिबी काढायच्या, पट्ट्यांच्या बकला सोडायच्या, कारण घाण नेहमी जिथे दिसत नाही तिथे असते. हे मी रोज लोकांना दातांविषयी सांगते आणि रोज कोणी ऐकत नाही. बुरशी अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, कोरड्या फडक्याने. ते फडकं पुन्हा घरात आणायचं नाही. मग स्पंज भिजवून इतका पिळायचा की पाणी टपकता कामा नये, आणि साबणाचा घट्टसर फेस करून थोडाथोडा भाग पुसत जायचा. पाणी ओतायचं नाही. हात तांब्याकडे जात होता, वर्षानुवर्षांची सवय.

टाक्यांच्या रेषांत मी मऊ टूथब्रश चालवला, आणि जिथे ब्रश पोचेना तिथे माझी बारीक वाकडी सळई, जिने मी दातांच्या फटी तपासते. तिच्या टोकाला शेंदरी चुरा आला. मी थांबले. आयुधपूजेला आप्पा खोगिराला चंदन-कुंकवाचे ठिपके लावत, तेच शिवणीत जाऊन बसले होते. इथे वस्तूला पुजतात ती अशी. कात्रीला, सायकलला, माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही. वहिनीने कॅमेऱ्यातून बजावलं, सगळं काढ, चंदन चामडं कोरडं करतं. मी सगळं काढलं. पुढच्या कमानीच्या आत, कॅमेरा पोचत नाही तिथे एक ठिपका होता. त्यावर आप्पांच्या अनामिकेचा ठसा असावा असं मला वाटलं. असेल किंवा नसेल. तो मला दिसलाच नाही.

काळा थर निघायला बरेच दिवस गेले. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी थोडं, दुपारी आई झोपली की थोडं. वाळवायचं सावलीत, पंख्यापासून लांब. चामडं अगदी पुरतं वाळायच्या आत, आत थोडी ओल असताना, मलम घ्यायचं ते बोटावर, ब्रशवर नाही. बोटाच्या उबेने ते पातळ होतं. पातळ थर, जिरू द्यायचा, उरलेलं पुसायचं, पुन्हा पातळ थर. आतल्या खरबरीत बाजूला जास्त, कारण ती जास्त पिते. डावी बाजू मी आधी घेतली. तिच्यातून हळूहळू एक रंग वर आला, जो मी कधी पाहिला नव्हता. कॉफीच्या काळ्या डिकॉक्शनमध्ये दूध पडतं, अजून ढवळलेलं नसतं, तेव्हाचा. पट्टा वाकवला तर वाकला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही. आई जवळच खुर्चीवर होती, ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, रोगी बरा होतोय.

वहिनीला फोन लावून दाखवलं. तीही खूश. म्हणाली, आता पदर दाबून वर-खाली कर. मी केलं. "ऐक," ती म्हणाली. मी ऐकलं. काहीच नव्हतं. "बघ, आवाज गेला. कोरडं चामडं कुरकुरतं, वन्सं. नीट राखलेलं खोगीर मुकं असतं."

माझा हात पदरावरच राहिला. मी नेटवर्क गेल्याचा अभिनय केला, जो मला उत्तम जमतो, आणि फोन बंद केला. वळून पाहिलं तर आईचा चेहरा सरळ माझ्याकडे.

"मुकें म्हणजे?" तिने विचारलं.

आता मी गोष्टी सांगणारी बाई. माझ्याकडे वेळ असता तर मी काहीतरी सुंदर खोटं रचलं असतं. पण आईपुढे रचायला बसलं की तिला माझा श्वास ऐकू येतो. मी सांगितलं, की डावी बाजू बरी झाली आणि तिचा आवाज गेला. उजवी अजून तशीच आहे. मग मला युक्ती सुचली आणि मी भलतीच आनंदले. उजवीला हातच लावायचा नाही! अर्धं खोगीर निरोगी, अर्धं बोलकं. मी म्हटलं, थांब, तुला आत्ता ऐकवते. खोगीर घोडीवर चढवलं, साडी खोचली आणि वर बसले, मांडीवर गळू झालेल्या माणसासारखी उजवीकडे कलून. झुकले.

कर्र.

आईची जपमाळ मांडीवर पडली. डोकं कललं, उजवा कान पुढे आला, आणि चेहऱ्यावरून इतकी वर्षं पुसली गेली की मला तिच्याकडे बघवेना. मी पुन्हा झुकले, भरभर. कर्रकर्र, कर्र.

"राजकारण," आई म्हणाली. आणि हसली.

मी मागे रेलले. लांब कुर्र आली. आईने मान डोलावली. कावेरीला पाणी सुटलं असावं. मी परत पुढे झाले, जरा जोरात, कारण मला आता रंग चढला होता. तेव्हा कुरकुरीच्या आत आणखी एक बारीक आवाज आला. टच्च. पदराच्या घडीवर एक नवीन भेग, नखाएवढी, फिकट पिवळी.

आईने तोही ऐकला. हा कोणता, तिने विचारलं, हा यांच्या आवाजांत नव्हता. मी म्हटलं, चामडं उललं. ती म्हणाली, आणखी बसलीस तर? मी म्हटलं, आणखी उलेल. असंच बसत राहिले तर येत्या पावसाळ्यापर्यंत हा पदर हातात येईल. आईने माळ चाचपडून उचलली, मणी न ओढता धरून बसली. बाहेर भाजीवाली ओरडत येऊन गेली. मी तशीच कललेली, उतरू की नको.

"म्हणजे तें बोलत नव्हतें," आई म्हणाली. "त्यास दुखत होतें."

मी घाईघाईने म्हटलं की नाही ग, चामड्याला काय दुखणार. तिने ते ऐकलंच नाही. "आणि तेल मी लावीत होतें," म्हणाली. मग हात पुढे केला. "ऊठ गे. ती बाजूही कर. डबी मजजवळ दे."

मी साबणाचं काम केलं, कारण टाके तिला दिसले नसते. पण मलम तिने लावलं. डोळ्यांची गरज नव्हती. त्या खोगिराचा प्रत्येक उंचवटा तिच्या तळव्यांना पाठ होता. मी तिच्या बोटावर मलम द्यायची, आणि ती पदराच्या कडेपासून आत, गोल-गोल, आप्पा आमच्या टाळूवर तेल चोळायचे तसं. जास्त झालं की मी सांगायची आणि ती फडक्याने पुसायची. भेगेपाशी आली की तिचं बोट हळू व्हायचं. एकदा मी विचारलं, थांबू या का, हे एवढं ठेवू या का. ती म्हणाली, यांना मी कधी अर्धें वाढलें नाही.

उजवी बाजू मऊ झाली. मी पदर दाबून पाहिला नाही. तिने पाहिला, माझी पाठ असताना. मला कळलं, कारण मीही तिचीच मुलगी. काही न ऐकू आल्याचं मलाही ऐकू येतं.

सगळे पट्टे पुन्हा चढवले, बकला पुसल्या, रिकिबी अडकवल्या. वहिनीला फोटो पाठवला, तिने पुण्याहून फोनच्या पडद्यावर दहा घोडे नाचवले. आता ते माळ्यावर जाणार नाही. प्लास्टिक नाही, सुती कापड, आणि वारा लागेल अशी जागा, म्हणजे आपली तीच घोडी, दालनातली.

त्या संध्याकाळी आडुतुरैची गाडी यायच्या वेळेला आई नेहमीसारखी खुर्चीवर येऊन बसली. मला राहवेना. मी वर्तमानपत्र घेतलं, खोगिरावर चढले, पाय अनवाणी रिकिबीत घातले. पुढे झुकले. मागे रेलले. डावीकडे कलले, उजवीकडे कलले. खाली चामडं उबदार आणि गुपचूप. लोण्यात सुरी फिरावी तसं सगळं सरकत होतं. दारावरून जाणाऱ्या कोणीतरी मोठ्याने विचारलं, डॉक्टरम्मा, घोडा परत आला का? मी हात हलवला. 

आई कान लावून बसली होती. मी पान उलटलं, निदान कागद वाजावा म्हणून. पुढे पान उलटायचंही धाडस झालं नाही. अंगणातला उजेड घोडीच्या पायापर्यंत उतरला. 

मग आईने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघाली. मी विचारलं, कुठे निघालीस?

"गप्प झाले आहेत कधींचे," ती म्हणाली. "दुसरी कॉफी हवी असेल."

आत भांडं वाजलं, दूध ओतल्याचा आवाज आला. मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं आणि खोगिरावर बसून राहिले, अगदी न हलता.